बिनकोथिंबिरीचे पोहे

नवलखाच्या पोहेवाल्याला आता सांगावं लागत नाही.
"मैडम का बिना धनिया!" तो आतल्या पोराला ओरडतो
आणि शेव जरा जास्त टाकतो, नुकसानभरपाई म्हणून.
कारण त्याला ठाऊक नाही.
हिरवा ढेकूण चिमटीत धरला की जो वास सोडतो
तो चुरडलेल्या कोथिंबिरीचा,
जरा शिळा, नखांच्या बुडाशी मुक्काम करणारा.

अकरा वर्षं मी ढेकूण पाळते आहे.
असं सांगितलं की सासरची माणसं विषय बदलतात.
सोयाबीनच्या कोवळ्या शेंगेत सोंड खुपसून
दाणा आतल्या आत पोकळ करणारे हे,
त्यांना रोज सकाळी ताजा घेवडा,
दिवसाआड भिजवलेले शेंगदाणे,
बशीतला कापूस ओला आहे ना, बोटाने बघायचं.
खोली सत्तावीस अंशांवर. वीज गेली
की इन्व्हर्टरच्या आधी माझी छाती सुरू होते.

कारण मला त्यांची अंडी हवी असतात.
मलमलीच्या फडक्यावर दाटीने मांडलेली,
सत्तर, कधी नव्वद,
पिवळट, उभी, झाकण लावलेली पिंपं.

ती कार्डावर चिकटवून नळीत ठेवते, आणि मग सोडते तिला.
नाव गांधीलमाशी. ऐकून भेरूलाल दोन पावलं मागे सरला होता.
आकार म्हणाल तर या ओळीच्या शेवटी आहे त्या टिंबाएवढा.

ती अंड्यावर चढते, मिशांनी टकटकते,
आत कुणी आहे का विचारल्यासारखी,
आपलं एक आत ठेवते,
आणि निघताना शेपटाच्या टोकाने वर रेघ ओढते,
पोलिओवाले दारावर खडूने लिहून जातात तशी:
या घरचं झालं.
पाचव्या-सहाव्या दिवशी अंडी काळवंडतात.
किती काळवंडली ते मी मोजते. पगार त्याचा.

भाद्रपदात सांवेरच्या पुढे, भेरूलालच्या शेतात
कार्डं पानांखाली टाचताना तो म्हणाला,
"यो तो कागद हे, मैडम."
शेजारच्या बांधावर गजराज पाठीवर पंप घेऊन उभाच होता.
चार दिवस थांबाल का, मी विचारलं.
"ढेकूण थांबतील?"
मी चपलेला लागलेला चिखल बघत राहिले.
तो दोन दिवस थांबला. तेही त्याने मनावर घेतलं म्हणून.

बाराव्या दिवशी पानं उलटी करत गेलो.
गजराजच्या बाजूला झाकणं नीट, गोल उघडलेली,
टरफलांवर ढेकणांची पिल्लं घोळक्याने उभी,
लग्नघराच्या ओट्यावर पोरं असतात तशी.
अलीकडे, विहिरीच्या बाजूला,
झाकणं कुरतडलेली, वेडीवाकडी. तिथून माश्या निघाल्या होत्या.
मी आकडे लिहिले. फार मोठे नव्हते.

मग एका पानाखाली आम्ही न टाचलेली अंडी,
शेतातलीच, काळपट,
आणि त्यांच्यावर एक टिंब फिरत होतं,
कडेकडेने, पुन्हा कडेकडेने.
भेरूलालने भिंग घेतलं, श्वास धरून वाकला.
"पेरो दई री हे," तो हळूच म्हणाला.
पहारा. मी अकरा वर्षं
अहवालात त्याला 'वर्तन' लिहीत आले.

उठताना त्याच्या हाताखाली एक ढेकूण सापडला.
बोटं नाकाशी नेऊन थबकला, मग माझ्याकडे पाहिलं,
आणि मला इतकं हसू आलं की वही चिखलात पडली.

संध्याकाळी मालवा मिलला उतरले.
पिंजऱ्यातला घेवडा संपला होता, उद्या रविवार,
आणि भूक लागली की ते आपलीच अंडी चोखतात.
भाजीवालीने अर्धा किलो तोलला, महाग,
आणि सवयीने वर कोथिंबिरीच्या चार काड्या फुकट टाकल्या.
मी काही बोलले नाही.
पिशवी घरापर्यंत तशीच आणली.